गुळवेल विकायची आहे? आधी हे पाच आकडे समजून घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत मी गुळवेलीचा एक रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरला होता. व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून सगळं इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. मध्ये एक गणित आहे आणि शेवटी घरचा अभ्यास आहे.

तो रिपोर्ट माझाच आहे, आणि तो नापास झालेला आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकानात काष्ठौषधी ठेवायचो, पण ती बाहेरून आणून. मग डोक्यात आलं, आपल्या सातपुड्यात एवढी गुळवेल आहे, आपण बाहेर का पाठवू नये? एका औषध बनवणाऱ्या पार्टीशी बोलणं झालं. धडगाव तालुक्यातल्या अकरा बायकांकडून साधारण एक टन ओली गुळवेल घेतली. अर्धे पैसे रोख दिले, अर्धे माल गेल्यावर द्यायचं ठरलं. तुकडे केले, धुतले, वाळवले. २७० किलो सुका माल झाला. पोती भरली आणि पाठवली.

बारा दिवसांनी फोन आला, ‘माल रिजेक्ट. परत न्या, भाडं तुमचं.’

जायचं भाडं माझं, यायचंही माझं. पण खरं दुखलं ते वेगळंच. त्या बायकांचे उरलेले पैसे द्यायला मला दोन महिने लागले. त्यांतल्या एका मावशींनी विचारलं, ‘भाऊ, वेल तर आम्ही बरोबर आणला होता ना? मग खराब कुठे झाला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. BBA केलंय, ताळेबंद वाचता येतो, पण तो एक पानाचा रिपोर्ट मला वाचता येत नव्हता. आज मावशींच्या त्या प्रश्नाचंच उत्तर शिकूया.

माल ‘चांगला’ आहे हे ठरवतं कोण?

नंदुरबारच्या बाजारात मिरचीचा व्यापारी काय करतो? मूठभर मिरची उचलतो, दाबतो, आवाज ऐकतो, रंग बघतो आणि भाव सांगतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे तो. पण मिरची डोळ्यांना दिसते, जिभेला कळते. वाळलेल्या गुळवेलीचा तुकडा बघून आत औषधी अंश किती आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून त्याचे नियम लिहून ठेवलेले आहेत.

हे नियम ज्या सरकारी ग्रंथात आहेत त्याचं नाव आयुर्वेदिक फार्माकोपिया ऑफ इंडिया. एकेका वनस्पतीसाठी त्यात लिहिलंय की कुठला भाग वापरायचा, तो कसा ओळखायचा आणि कोणत्या मर्यादेत बसला पाहिजे. गुळवेल त्यात ‘गुडूची’ नावाने आहे आणि वापरायचा भाग आहे खोड. तिच्यासाठी दिलेले पाच आकडे असे:

१. बाहेरचा कचरा: २ टक्क्यांपेक्षा जास्त नको.
२. एकूण राख: १६ टक्क्यांपेक्षा जास्त नको.
३. आम्लात न विरघळणारी राख: ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको.
४. अल्कोहोलमध्ये उतरणारा अंश: किमान ३ टक्के.
५. पाण्यात उतरणारा अंश: किमान ११ टक्के.

पहिले तीन आकडे सांगतात, मालात नको ते किती आलं. शेवटचे दोन सांगतात, हवं ते किती उरलं. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा रिपोर्ट वाचता येतो.

माझा रिपोर्ट असा होता: एकूण राख १८.४, आम्लात न विरघळणारी राख ५.२, पाण्यात उतरणारा अंश ९.१. पाचपैकी तीन ठिकाणी नापास.

कुठला आकडा कुठल्या चुकीमुळे बिघडला?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळा मालाची गुणवत्ता वाढवत नाही, फक्त मोजते. आकडा बिघडतो तो आपल्या अंगणात.

*आम्लात न विरघळणारी राख म्हणजे काय तर मुख्यतः माती आणि वाळू.* माल जाळून राख करतात, ती आम्लात टाकतात. झाडातले क्षार बरेचसे विरघळतात, वाळू तशीच राहते. माझा आकडा ५.२ का आला? कारण मी गुळवेल मिरचीच्या पथारीसारखी मोकळ्या जमिनीवर पसरली होती. उन्हाळ्याचा वारा, बाजूने जाणारे ट्रॅक्टर, सगळी धूळ त्या ओलसर तुकड्यांवर बसली. एकूण राखेतही हीच वाळू मोजली जाते, म्हणून तो आकडाही वर गेला. एका चुकीने दोन ठिकाणी नापास केलं.

*पाण्यात उतरणारा अंश कमी आला तो धुण्यामुळे.* मी आधी तुकडे केले आणि मग ते टाकीत टाकून चांगले खळखळून धुतले. वाटलं, स्वच्छता केली! पण कापलेल्या तोंडातून पाण्यात विरघळणारा अंश निघून गेला. म्हणजे जे विकायचं होतं ते मी गटारात सोडलं. धुवायचं ते लांब कांड्या असतानाच, वाहत्या पाण्यात, पटकन. पाणी निथळू द्यायचं आणि नंतर कापायचं.

*दुसरं कारण कोवळी खोडं.* जुने वैद्य अंगठ्याएवढं जाड खोड घ्या म्हणतात. मी वजनाने पैसे देत होतो, जाडीची अट घातलीच नव्हती. मग पेन्सिलीएवढ्या बारीक वेली आल्या, तर दोष कुणाचा? मावशींचा नाही. मीच काय हवंय ते सांगितलं नव्हतं.

आता आम्ही दोन भाव ठेवलेत. अंगठ्याएवढ्या जाड खोडाला जास्त, बारीक खोडाला कमी, आणि बारीक माल वेगळ्या पोत्यात. तेव्हापासून जाड खोड आपोआप येऊ लागलं.

एक गोष्ट मात्र मावशींनीच मला शिकवली. वेल मुळापासून ओढायचा नाही. खाली हात-दीड हात सोडून वरचा कापायचा, म्हणजे तो पुन्हा फुटतो. ‘सगळा घेतला तर पुढच्या साली तू काय घेशील, भाऊ?’ असं त्या म्हणाल्या. आमच्या नियमांच्या कागदावर आता हा पहिला नियम आहे.

पण ही गुळवेलच आहे का?

पाच आकडे नंतर, ओळख आधी. वनस्पतीच चुकीची असेल तर बाकी सगळं वाया.

हे किती गंभीर आहे ते बघा. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली, असं त्यात म्हटलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे नीट ओळखलेलं नाही, आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात तिच्या जागी वापरली जाऊ शकते. पुढे मंत्रालयाने दोन्ही जातींतले फरकही जाहीर केले.

त्या वादात कोण बरोबर हे ठरवणं आपलं काम नाही. गुळवेल कुणी घ्यावी, किती घ्यावी हे वैद्य किंवा डॉक्टर सांगतील. आधीच एखादा आजार असेल त्याने तर विचारल्याशिवाय घेऊच नये. विकणारा म्हणून आपला धडा एकच: उद्या कुणी विचारलं, ‘त्या पोत्यात नेमकं काय होतं?’ तर आपल्याकडे पुरावा पाहिजे.

औषधात वापरायची गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखी दिसणारी दुसरी टिनोस्पोरा क्रिस्पा. शेतात उभं राहून बघायच्या खुणा अशा:

- खोड: खऱ्या गुळवेलीचं हिरवट, त्यावर बारीक गाठी नाहीत. क्रिस्पाचं करडं आणि गाठी-गाठींचं.
- चीक: खोड कापल्यावर खऱ्या गुळवेलीतून दुधासारखा चीक येत नाही. क्रिस्पातून येतो.
- फळ: खऱ्या गुळवेलीचं गोल आणि लाल. क्रिस्पाचं लांबट आणि नारिंगी.
- फूल: खऱ्या गुळवेलीला सहा पाकळ्या, क्रिस्पाला तीन.

एकाच खुणेवर विसंबू नका, दोन-तीन जुळवून बघा. आणि वाळून तुकडे झाल्यावर ओळखणं खूप अवघड, म्हणून हे काम वेल ओला असतानाच करायचं. पानासकट एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, त्यावर गाव आणि तारीख लिहा आणि जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. अधिकृत प्रमाणपत्र हवं असेल तर पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे.

वेल कुठून घेतला हेही लिहा. शहादा-तळोद्याकडे कपाशी आणि पपईच्या बांधावर गुळवेल भरपूर दिसते, पण त्या पिकावर फवारणी झालेली असते. हायवेच्या कडेचीही नको. फार्माकोपियात जड धातूंच्या मर्यादा आहेत: शिसं १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. एक पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. हे धातू डोळ्यांना दिसत नाहीत आणि धुऊन पूर्ण जातही नाहीत. म्हणून जागाच नीट निवडायची.

पाण्यात उतरणारा अंश कसा काढतात? हे गणित करून बघा

पद्धत सोपी आहे. ५ ग्रॅम जाडसर पावडर १०० मिली पाण्यात २४ तास ठेवायची. त्यातले पहिले सहा तास अधूनमधून हलवायचं, उरलेले अठरा तास तसंच ठेवायचं. (प्रयोगशाळेत पाणी खराब होऊ नये म्हणून त्यात थोडं क्लोरोफॉर्म असतं.) मग गाळायचं. गाळलेल्या पाण्यातलं २५ मिली घेऊन पूर्ण आटवायचं, १०५ अंशांवर वाळवायचं आणि जे उरेल ते वजन करायचं.

समजा ०.१५ ग्रॅम उरलं.
२५ मिली म्हणजे १०० मिलीचा चौथा भाग. म्हणून ०.१५ × ४ = ०.६० ग्रॅम.
हे ५ ग्रॅम पावडरमधून आलं. ०.६० ÷ ५ × १०० = १२ टक्के.
किमान ११ हवं, १२ आलं. पास!

आता माझ्या मालात ९.१ टक्के होते, म्हणजे किती मिलिग्रॅम उरले असतील? उलटं गणित करून बघा. (उत्तर: साधारण ११४.)

मग एक्स्ट्रॅक्ट म्हणजे काय?

आता अर्काकडे येऊ. बऱ्याच जणांना वाटतं, कच्चा माल विकण्यात काय आहे, सरळ एक्स्ट्रॅक्ट काढू, भाव जास्त मिळतो. थांबा.

वर जे केलं तेच मोठ्या भांड्यात केलं की झाला अर्क. वनस्पती पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवायची, उतरलेलं गाळायचं, आटवायचं, वाळवायचं. बाजारात डब्यावर लिहिलेलं असतं ‘१०:१’. म्हणजे १० किलो मालातून १ किलो अर्क. ऐकायला भारी वाटतं. पण विचार करा. ज्या गुळवेलीतून १२ टक्के अंश उतरतो, तिच्या १०० किलोतून १२ किलो अर्क निघेल, म्हणजे प्रमाण साधारण ८:१. माझ्या नापास मालातून ९.१ किलोच निघाला असता, म्हणजे ११:१! माल खराब, पण डब्यावरचा आकडा मोठा. त्यामुळे नुसत्या प्रमाणावरून गुणवत्ता कळत नाही. शिवाय अर्काची पावडर सुटी राहावी म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात, ते किती मिसळलं हेही त्या प्रमाणातून दिसत नाही.

दुसरा आकडा असतो ‘बिटर्स ५ टक्के’, म्हणजे कडू द्रव्यं. इथेही विचारायचं, कुठल्या पद्धतीने मोजलं? नुसतं वजन करून मोजलं असेल तर ती कडू द्रव्यं गुळवेलीचीच आहेत याची खात्री नाही. दुसरी एखादी स्वस्त कडू वनस्पती मिसळली तरी आकडा भरतो. म्हणून चांगल्या कंपन्या एचपीटीएलसी नावाची चाचणी मागतात. त्यात अर्कातली द्रव्यं एका पट्टीवर वेगवेगळ्या रेषांत दिसतात. जसा माणसाच्या बोटाचा ठसा, तसा वनस्पतीचा. खात्रीच्या गुळवेलीचा ठसा शेजारी ठेवायचा आणि जुळवायचा.

अर्क विकत घेताना किंवा विकताना चार प्रश्न पक्के करा: कुठला भाग? कशात काढला? कोणतं द्रव्य, किती टक्के? कुठल्या पद्धतीने मोजलं? चौघांची उत्तरं कागदावर असली तरच तो प्रमाणित अर्क. बाकी नुसतं लेबल.

आपल्याकडचा जुना प्रकार म्हणजे गुळवेल सत्त्व. ओलं खोड ठेचायचं, पाण्यात भिजवून चोळायचं, गाळायचं, तळाशी बसणारा पांढरा साका वाळवायचा. तो मुख्यतः स्टार्च असतो आणि हाताला फारच थोडा लागतो. म्हणून त्यात आरारूट किंवा मक्याचा स्टार्च मिसळण्याचा मोह होतो. आयोडीनचा थेंब टाकून तपासू म्हणाल तर फसाल. आयोडीन कुठल्याही स्टार्चला निळंच करतं, अस्सल असो की भेसळ. स्टार्चच्या कणांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. कुणी सत्त्व फार स्वस्त देत असेल तर आधी स्वतःलाच विचारा, एवढ्या भावात ओलं खोड तरी येतं का?

तुमच्यासाठी कामाची पद्धत

नवीन असाल तर माझा सल्ला: पहिल्या वर्षी फक्त सुका, स्वच्छ, नोंद असलेला कच्चा माल विका. अर्काची यंत्रं नंतर.

१. परवानगी आधी. माल जंगलातला असेल तर ग्रामसभेशी आणि वन विभागाशी बोलूनच काम करा. वनहक्क कायदा २००६ नुसार सामूहिक हक्क मिळालेल्या गावात गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार असतो.

२. एकदाच धुवा, अखंड असताना. मग इंच-दोन इंचाचे सारखे तुकडे. एक जाड एक बारीक असेल तर बारीक आधी वाळतो, जाड आतून ओला राहतो आणि पोत्यात बुरशी धरते.

३. जमिनीपासून वर वाळवा. बांबूच्या मांडवावर जाळी टाकून, सावलीत, हवा खेळेल अशा जागी. आमच्याकडे १०० किलो ओल्या मालाचे २५ ते २८ किलो सुके होतात. कुणी ४० किलो म्हणालं, तर माल अजून ओला आहे.

४. बॅच पाडा. एका गावचा, एका आठवड्यात तोडलेला माल म्हणजे एक बॅच. वहीत लिहा: गाव, तारीख, कुणी आणला, ओलं वजन, सुकं वजन, किती दिवस वाळवला, पोती किती. दोन बॅचेस मिसळू नका. एक नापास झाली तर दुसरी वाचते. माझे २७० किलो एकाच ढिगात होते, म्हणून सगळेच परत आले.

५. नमुना प्रामाणिक काढा. पोत्याच्या वरून, मधून, तळातून घ्या. एकत्र करून गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा तसंच करा. वरची चांगली मूठ उचलून पाठवली तर रिपोर्ट चांगला येईल, पण माल तो नसेल. प्रत्येक बॅचचा पाव किलो नमुना सील करून स्वतःकडेही ठेवा.

६. पाठवण्याआधी तपासा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची फी खर्चात धरा. मला वाटायचं, उगाच खर्च. दोन वेळचं भाडं भरल्यावर कळलं, फी स्वस्त होती.

आणि चूर्ण किंवा अर्क ‘औषध’ म्हणून स्वतःच्या नावाने विकायचा असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० खाली आयुर्वेदिक औषध उत्पादनाचा परवाना लागतो. जागा, स्वच्छता, तज्ज्ञ माणूस यांच्या अटी त्या नियमांच्या शेड्यूल टी मध्ये आहेत. घरी डबी भरून ‘मधुमेह बरा होतो’ असं लिहिणं तर अजिबात नको. १९५४ च्या जाहिरातीविषयक कायद्याखाली तो गुन्हा आहे.

आपल्याला जमेल का?

जमेल. ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गुळवेलीचं काम उभं केलं आणि मोठमोठ्या औषध कंपन्यांकडून सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांच्या ऑर्डर मिळवल्या. त्यांच्याकडे सह्याद्री, आपल्याकडे सातपुडा. मोठ्या कंपनीला एकदाच आलेला उत्तम माल नको असतो. तिला दर वेळी सारखा माल हवा असतो. स्टँडर्डायझेशन या मोठ्या शब्दाचा आपल्यापुरता अर्थ एवढाच.

पुढच्या हंगामात मी त्याच अकरा जणींकडे गेलो. नापास रिपोर्ट बरोबर नेला होता. ओसरीत बसून एकेक आकडा समजावला. मावशी म्हणाल्या, ‘म्हणजे वेल आमचा चांगला होता, माती तुझी होती.’

बरोबर आहे, मावशी. त्या वर्षी चार बॅचेस पाठवल्या, चारही पास झाल्या. आम्लात न विरघळणारी राख १.८ च्या वर एकदाही गेली नाही.

घरचा अभ्यास: तुमच्याकडच्या कुठल्याही वाळवलेल्या मालाचे, गुळवेल, बेहडा, मिरची, काहीही, ५०० ग्रॅम पांढऱ्या कापडावर पसरा. पानं, खडे, काड्या हाताने वेचा आणि वजन करा. १० ग्रॅमच्या आत आले तर तुम्ही २ टक्क्यांच्या आत आहात. मग त्याच मालाचे मूठभर तुकडे काचेच्या ग्लासात पाण्यात हलवा, तुकडे काढून घ्या आणि तळाला बोट लावून बघा. खरखर लागली की वाळवायची जागा बदला.

पुढच्या भागात ह्याच मालाचं कॉस्टिंग करू. तोपर्यंत वही सुरू करा. भेटूया!